काच पुसायची नसते

अमरावती,
११ डिसेंबर २०१७

प्रिय ताई,

सप्रेम जयभीम. अकोल्याच्या जठारपेठेतली खोली बदलली नसशील असं धरून जुनाच पत्ता टाकला. फोन केला असता, पण मंग तू बोलली असती अन् मले ऐकावं लागलं असतं. पत्रात आधी माहं होऊन जाते.

मायच्या डायलिसिसच्या मशीनचे वार बुधवार-शनिवारच आहेत, हे मले माहीत आहे. कसं, ते पुढं येईन.

तब्येत बरी आहे. मान तेवढी दुखते, कारण दिवसभर वर पाहावं लागते. मी आता काचा धुतो. हासू नको. दुकानातल्या नाही, मोठ्या बिल्डिंगीच्या. झुला नाही, दोर नाही. जमिनीवर उभं राहायचं अन् चाळीस फुटी पोल वर चढवायचा. त्याच्या टोकाले ब्रश अन् आतून पाण्याची नळी. इकडं बोंडअळीनं कापूस खाल्ला, लोक पऱ्हाटी उपटून राहिले, अन् शहरात जो तो दवाखान्याले अन् शोरूमले काचा लावून राहिला. त्याच्यात आपलं भागते.

आधी सहा महिने मेळघाटात सेमाडोहले होतो, टुरिस्ट लोकायच्या लॉजवर. वाघ एकदाही दिसला नाही. एका माकडानं मात्र पुण्याच्या एका साहेबाचा चष्मा पळवला अन् झाडावर बसून तो डोळ्याले लावला, आईशपथ. ते जाऊ दे.

तिथून अमरावतीले आलो अन् वकारभाई भेटले. बारा वर्षं मस्कतले काचा धुतल्या त्यायनं. येताना सोनं नाही, हा पोल घेऊन आले. त्यायची बायको नगमाभाभी अजून त्याच्यावरून टोमणे मारते, "लोक बायकोसाठी हार आणतात, यांनी बांबू आणला."

ह्या कामात साबण नाही. सगळी करामत पाण्याची. फिल्टरातून पाणी असं काढायचं का मीटर लावला तं शून्य दाखवला पाहिजे. क्षार नाही, काहीच नाही. आधी वरची चौकट घासायची, मंग काच, मंग ब्रश जरा उचलून वरून खाली नुसतं पाणी सोडायचं. अन् निघून जायचं. थेंब आपोआप वाळतात, डाग राहत नाही.

मले हेच जमत नव्हतं. निघून जायचं हे. (तू म्हणशील, तेच तं तुले चांगलं जमते.)

पहिल्या दिवशी बँकेची खालच्या मजल्याची काच धुतली, थेंब दिसले, अन् माहा हात आपोआप दुपट्ट्याकडं गेला. पुसून टाकली. वाळल्यावर काचेवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फराटे. वकारभाई कमरेवर हात ठेवून पाहत राहिले. म्हणे, "काहून पुसली रे?"

म्हटलं, "डाग पडतीन ना."

"तू खारपाणपट्ट्यातला हायेस काय?"

मी म्हटलं हो, पण कसं ओळखलं?

"अरे, तिकडचेच लोक ओला ग्लास पाहिला का पुसतात. पाणी शून्य आहे बाबा, भरोसा ठेव. आता पुसली तं हात बांधून ठेवीन."

आठवते ना तुले? आपल्या हातपंपाच्या पाण्यानं ताट नुसतं वाळलं तरी पांढरं व्हायचं. माय भांडे घासायची अन् आपण दोघं पुसायले बसायचो. "पुसा रे, वाळू देऊ नका." तेच पाणी आपण प्यायलो. मायच्या किडन्या त्यानंच गेल्या, डॉक्टर बीपी म्हणो का काही म्हणो.

दोन महिने लागले मले हात आवरायले.

आता शनिवारचं सांगतो. वकारभाईले अकोल्याचं काम मिळालं, अन् दवाखाना तोच, मायचा. मी म्हटलं माही मान दुखते, दुसरं कोणी न्या. दुसरं कोणी आहेच कुठं. गेलो. म्हटलं, मी खाली, माय वर. पोलच्या कामात आतलं काही दिसत नाही.

दुसऱ्या मजल्याची तिसरी खिडकी धुतली. ब्रश खाली घेत होतो तं आतून एक हात आला. डाव्या हाताले कोपराजवळ पट्टी, अन् उजव्या हातात पदर. आतून काच पुसून राहिली होती, ताई. थेंब बाहेर होते अन् ती आतून पुसत होती. निघत नव्हते तरी पुसत होती.

मी पंप बंद केला. वकारभाई म्हणे, "काय झालं? पाणी संपलं काय?" मी म्हटलं, "नाही. ते माही माय आहे." त्यायनं पोल माह्या हातातून घेतला.

पहिल्या मजल्यापर्यंतच गेलो. चौकशीच्या खिडकीवरच्या बाईनं मायची फाइल काढली. तुह्या अक्षरात लिहिलं होतं, "मुलगा : बाहेरगावी, कामाला." चौदा महिने झाले तरी तू ते खोडलं नाही.

मागच्या साली डॉक्टर म्हणाले का मायले किडनी द्यायले तुहा गट जुळत नाही, माहा जुळते, मंगळवारी पुढच्या तपासण्या करू. अन् मी थर्मास घेऊन "चहा आणतो" म्हणून निघालो तो मूर्तिजापूरले उतरलो. मी लोकाईले सांगतो का काम शोधायले निघालो. तसं नव्हतं. मले पोट फाडायची भीती वाटली. दुसरं कारण नाही. आताही वाटते.

त्या बाईनं सांगितलं, जुने रिपोर्ट चालत नाहीत, सगळं नव्यानं. वीस तारीख दिली आहे, बुधवार, सकाळी आठ. जुळीन का नाही ते अजून कोणाले माहीत नाही, म्हणून मायले आधी काही सांगू नको. तिले एवढंच सांग का खिडकी पुसू नको म्हणा, आपोआप वाळते.

थर्मास माह्याजवळच आहे. मले उपाशीपोटी बोलावलं आहे, म्हणून दोघीपुरताच आणीन. मायले आता अर्धाच कप चालते ना?

चहा आणायले गेलेला,
तुहा संघपाल