मागच्या भिंतीचं लिंपण

ता. ४, मंगळवार
सगळ्यात आधी आली ती घर इकत घेणाऱ्या मास्तरीणबाईची आई! घर बघायला यायचं व्हतं लेकीनं न् जावयानं, पर म्हातारीच पहिली रिक्षातनं उतरली. "आमची मागनं येत्यात, मी तवर चूल बघते." लई बोलकी. गुडघं पण माझ्यासारखंच दुखरं. लेकीच्या खांद्यावर तीन महिन्यांची पोरगी. मला एवढा आनंद, चहात साखर दोनदा टाकली.
जावयानं मागच्या भिंतीवर हात फिरवला. "आजी, काय गुळगुळीत वो! आमी पाडणार न्हाई, हितंच ऱ्हाणार." लेक म्हणाली, पाळणा ह्याच भिंतीशी.
मी हसले. हसाया नको व्हतं.

ता. ५, बुध.
काल लिव्हलं न्हाई ते. त्या भिंतीला मूठ जाईल एवढी भेग हाय. पावसात पाया खचला. दत्ता, माझा लेक, चाकणला असतो, म्हणाला, "घेणारा पाडणारच, डागडुजी नको." पर पावणं यायचं म्हणजे घर लिंपायचं, सासूनं लावलेली सवय. भेगेत चिंध्या कोंबल्या, शेणमाती लावली, वरनं पांढरी माती. फसवायचं मनात न्हवतं. लाज झाकली फकस्त.

ता. ७, शुक्र.
पेठचा गवंडी आणला. ठोकून बघितलं. "मावशे, लिंपण झ्याक. भिंत गेलीय. पायापास्नं बांधावी लागंल, न्हाईतर..."
"न्हाईतर काय?"
गड्यानं चहा संपवला, हातोडी पिशवीत टाकली.
दत्ताचा फोन. "गवंडी कशाला घातलास घरात? बघूनच पसंत केलंय ना त्यांनी?"
बघून. माझ्या हाताचं काम बघून.
घर विकलं तरच दत्ताची मोठी खोली व्हणार, तरच मी नातीपाशी जाणार. पोरगी रोज इचारती, आजी कवा येणार.

ता. ८, शनि.
म्हातारीचा फोन. पाळण्याची कडी कुठल्या वाशाला ठोकायची? "तुमी सांगाल तिथं, घर तुमचंय." भिंतीचं सांगायला तोंड उघडलं, तर ती गुडघ्याच्या तेलावर गेली, मग मी पण. अर्धा तास! लई बरं वाटलं. फोन ठेवला.
खुरपं घेतलं, बोटभर खरवडलं. चिंधी दिसली, माझ्याच लुगड्याची. परत बुजवलं न्हाई. पुढं खरवडलं पण न्हाई.
गुरुवारी येतो म्हणालीत, सकाळी धा वाजता. पोरीला घेऊन.