हातात येण्याआधीचा नंबर

४ ऑगस्ट, सोमवार
उपवास. बावीस पार्सलं. वाशीमच्या गोदामातून निघण्याआधीच इंझोरीकडच्या, नाल्यापलीकडच्या वस्तीवर फोन केले. प्रत्येकाच्या मोबाईलवर आलेला, वस्तू हातात पडल्यावरच सांगायचा नंबर विचारून घेतला आणि 'पोचले' असे टाकून दिले. अकरा वाजता. वस्तू पोचल्या सं. पाचला. उशीर दिसला की कंत्राट दुसऱ्याला जाते, म्हणून. आजवर कोणाचे काही हरवले नाही, एवढीच मनाची समजूत.
वस्तीवरच्या शांताबाई नंबर सांगताना म्हणाल्या, "तुमच्या गळ्यात माळ हाये भाऊ. तुमाले सांगाले काय भेव?"

७ ऑगस्ट
कंपनीच्या मॅडम आल्या, बैठकीत नवी व्यवस्था सांगितली. मोठा माल ट्रकने, गावोगाव आम्ही कंत्राटी गाडीवाले, आणि जिथे रस्ता अडतो तिथे औषधे ड्रोनने. पडद्यावर नकाशा. अडणारी गावे लाल. नाल्यापलीकडची वस्ती मात्र हिरवीगार, माझ्या 'पोचले'मुळे.
"नाला ओलांडून अकराला कसे पोचता हो काका?"
"सवय आहे," म्हणालो. टाळ्या. वस्ती ड्रोनच्या कच्च्या यादीतून गेली. तेव्हाच बोलायला हवे होते, पण...

१२ ऑगस्ट
दुपारपासून धो धो. नाला दुथडी. शांताबाईंच्या मालकांचे इन्सुलिन माझ्याच गाडीत, बर्फाचे पाणी झालेले. नंबर सकाळीच घेतलेला. त्यांचा फोन आला.
"भाऊ, मोबाईल तं म्हणते औषध आलं. कोणापाशी देल्लं? देवघर पाह्यलं, फडताळ पाह्यलं. दुपारी जाऊबाई तेवढी येऊन गेली..."
समोरच्या पाण्याकडे बघत राहिलो. "आवाज येत नाही" म्हणून त्यांनी ठेवला. गाडीत बसून नामस्मरण धरले. नाम पुढे सरकेना.

१३ ऑगस्ट
ते इन्सुलिन वाया. दुकानातून नवीन घेऊन गेलो. पहाटे पाणी ओसरल्यावर मालकांना ट्रॅक्टरवर दवाखान्यात नेलेले. जिवावरचे निभावले.
"कुठी सापडलं?"
"गाडीतच राहिले होते."
शांताबाईंनी जाऊबाईंच्या घराकडे पाहिले. "मी तं जाऊबाईवर आळ घेतला भाऊ. साऱ्या वस्तीसमोर. आता तोंड कसं दाखवू तिले?"
चहा दिला त्यांनी. प्यालो मी तो.

१७ ऑगस्ट, रविवार
मॅडमचा फोन. उद्या माझ्या गाडीत येणार. माझी पद्धत बाकीच्यांना शिकवायची आहे म्हणे! परवा ड्रोनची यादी पक्की होणार. खरे सांगितले तर कंत्राट गेले, गाडी दारात उभी. नाही सांगितले तर पुढच्या पुराला वस्तीवर औषध नाही.
पूजेला बसलो. माळ काढून ठेवावीशी वाटली. हात गेला, काढली नाही.
संध्याकाळी शांताबाईंना फोन केला. "यापुढे वस्तू हातात येईपर्यंत नंबर देऊ नका. मी मागितला तरी."
"काहून? जाऊबाईनं काही सांगतलं का माह्याबद्दल?"
"नाही हो. उद्या येऊन सांगतो. सोबत आमच्या मॅडम आहेत."
"या मंग. चहा टाकीन दोघाईचा."
जाऊबाईंनाही बोलावून घ्या, एवढे सांगायचे राहिले.