ठमीचा टब

१४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं जहाज बंदराला लागेल तेव्हा हे पत्र हाती पडेल. ‘इकडे सर्व ठीक’ असं लिहून दोन कागद फाडले. हा तिसरा.

फोनवर तू ठमीला बोलायला सांगतोस आणि आम्ही ‘झोपलीय’ म्हणतो. ती झोपलेली नसते. ती बोलत नाही. ‘बाबा’, ‘पाणी’, ‘काका चल’ म्हणायची, ते सगळं दोन महिन्यांत गेलं. पोट धरून रडते. रक्त तपासलं, त्यात शिसं निघालं. औषधाने रक्तातलं उतरेल, पण डोक्याला जे झालं ते भरून येईलच असं नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

घरात शिसं आलं कुठून, असं त्यांनी विचारलं. वहिनी म्हणाल्या, “रंगीत खेळणी तोंडात घालते. माझंच लक्ष नसतं.” घरी येऊन त्यांनी सगळी खेळणी पोत्यात भरली. पोतं मी टाकून आलो. अकरा दिवस त्या स्वतःला बोल लावत होत्या आणि मी ऐकत होतो.

दादा, मी बॅटरीच्या दुकानात गल्ल्यावर बसतो हे खोटं आहे. मागच्या शेडमध्ये मी जुन्या बॅटऱ्या फोडून आतलं शिसं काढतो. बाकीचे कामाचे कपडे तिथेच खिळ्याला टांगून घरी जातात. मला घाण सहन होत नाही. मी माझे कपडे रोज पिशवीत घालून घरी आणायचो आणि ठमीच्या टबात धुवायचो, कारण बादलीत नीट भिजत नाहीत. टब विसळून जागेवर ठेवायचो. वहिनी हसायच्या, “भाऊजींची बायको सुखात राहील हो.” त्याच टबात ठमी डुंबायची, ओंजळीने पाणी प्यायची.

खिळ्याला कपडे टांगणाऱ्यांची पोरं बडबडतात. मी एकेकाला विचारून आलो.

काल वहिनींना सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ठमीने नेहमीसारखे माझ्याकडे हात पसरले होते. वहिनींनी तिला उचललं, आत नेलं आणि कडी लावली.

आज काम सोडलं. आता त्याचा काय उपयोग. तू ये. जे बोलायचं ते समोर बोल.

‘तुझा’ लिहायला हात धजत नाही,
धाकटा