गोष्टीतल्या बाईच्या शेवया

अगं विसरभोळे यमुने,

चुलीवर दूध ठेवून विसरायचीस, न्हाणीत बांगड्या विसरायचीस, अन् जाताना मला, तुझ्या सासूला, सांगायचंही विसरलीस! काल उतरंड काढली, तर तळाच्या मडक्यात चिंधीत बांधलेल्या शेवया निघाल्या. पोस्टात टाकायला दिल्या होत्या ना तुला? म्हणून हे पत्र. मी बोलून राहिले, तुझी लेक लिहून राहिली. अक्षर तुझ्यासारखंच वाकडं आहे, असं तीच म्हणते. मला काय कळतंय!

आठवतं का? उन्हाळ्यात आम्ही बाया ओसरीवर पाट मांडून शेवया वळत होतो. तुझ्या भावानं वाशिमहून धाडलेल्या मासिकातली गोष्ट तू वाचत होतीस. अंगावर पिणारं लेकरू टाकून निघून गेलेल्या बाईची. सगळ्यांत आधी मीच म्हणाले, "अशीला खेटरानं हाणावं!"

"आत्याबाई, थांबा की. तिची सकाळ तर ऐका."

अन् तू तिची सकाळ वाचलीस. दूध आटलेलं. लेकरू रडून रडून निळं पडलेलं. ती पिठाचं मडकं खरवडते, नखात आलेलं पीठ लेकराच्या जिभेला लावते, अन् बोटाला उरलेलं स्वतःच चाटते. मग त्याचीच लाज वाटून दाराबाहेर पडते. पाटावरचे हात थांबले गं. खेटराचं नाव कोणी काढलं न्हाई.

मी लगेच शेवयांतला तिचा वाटा बाजूला काढला. "कुठल्या गावची गं? औंढ्याकडची असंल तर बाजाराची गाडी जातेच."

तू हसलीस. "आत्याबाई, ती खरी न्हाई."

"खरी न्हाई, तर तुझा आवाज काहून बसला?"

तू शेवया चिंधीत बांधल्यास अन् म्हणालीस, "पोस्टानं धाडते." म्हातारीची समजूत काढत होतीस, व्हय ना? लबाड!

मग तुला ताप आला. तुला तिरडीवरून नेलं त्या दिवशी मी पाणी भरलं, भाकरी थापली, खाल्लीसुद्धा. कागदावरच्या बाईसाठी माझा पदर भिजला, अन् तुझ्यासाठी अजून थेंब न्हाई. दिवसभर शेवया वळल्यावर बोटांना चिमटा काढला तरी कळत न्हाई, तशी झाले मी. रागवू नको. लेकरू टाकून तर तूही गेलीस. तुला कोण बोललं?

अन् ऐक. शेजारची गंगा परत आली. तान्हं पोरगं सासूपाशी टाकून गेली होती, तीच. मारुतीच्या पारावर बसून आहे. आडावर तिला पाणी भरू देत न्हाईत, पोरगं दाखवत न्हाईत. अडवणाऱ्या कोण? त्याच, शेवयांच्या पाटावरच्या! त्यांतलीच सोना म्हणाली, "गोष्टीतली निराळी होती, मावशी."

म्हटलं, "निराळी कशी? हिची सकाळ कुणी वाचून दाखवली न्हाई, एवढंच."

वाचणारी तूच न्हाईस आता. मग मीच विचारीन तिला तिची सकाळ. उद्या हाताला धरून आडावर नेते, अन् तिथून तिच्या सासूच्या दारात. पोरगं गंगेच्या मांडीवर दिल्याबिगर मी उठायची न्हाई. म्हातारी उंबऱ्यावर बसली म्हणजे बसली, तुला ठाऊक आहे.

तुझी
आत्याबाई
(हा माझा अंगठा)

पोरी, दौत ठेव आता. त्या शेवया कढत पाण्यात सोड, गुळवणी कर, वरून तूप घाल, हात आखडू नको. पारावर गंगेला नेऊन दे. म्हणावं, तुझ्या नावच्याच होत्या, पोहोचायला उशीर झाला.