उजव्या बाजूची भरती

घाटकोपर,
१२ नोव्हेंबर १९८७

प्रिय लतू,

पाकीट जाड बघून घाबरू नकोस, मी बरी आहे. दरवर्षी दिवाळीत तू दोन ओळींचं कार्ड पाठवतेस, मीही दोनच ओळींचं उत्तर धाडते. त्यामुळे नागपूरला तुझ्या नर्सेस हॉस्टेलवर एवढं मोठं पत्र आलं म्हणजे आईचं काहीतरी बिनसलं, असं तुला वाटणारच. तसं काही नाही. चंपाला अंगाला बसणारं खोगीर मिळालं, ते कळवायला बसले आहे. आत एक घडी घातलेला मोठा कागद आहे. तो आत्ता उघडू नकोस, आधी पत्र वाच.

चंपा अजून पवईला गुणाजीच्याच तबेल्यात आहे. बाबा गेल्यावर सगळे म्हणाले, विकून टाका. शेजारच्या सुंदराबाईंनी तर माझ्यासमोर तिच्यावरून लिंबू उतरवलं. तळ्याच्या वळणावर घोडीला काहीतरी दिसतं, नाहीतर टांग्याच्या घरात जन्मलेला जयवंत असा पडेल का, हे त्यांनी सगळ्या चाळीला पटवून दिलं. पुढे चंपाच्या खांद्याजवळ रुपयाएवढा पांढरा डाग उठला, तेव्हा गुणाजीनंही मान डोलावली. म्हणाला, मिस, बोट लावून गेलाय कोणीतरी. मी हसले नाही. लतू, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली आणि तिथेच तीस वर्षं मराठी शिकवलेली तुझी आई, पण त्या डागावरून हात फिरवायचं धैर्य मला झालं नाही. रविवारी गूळ घेऊन जायची आणि तिच्या दुसऱ्या बाजूला उभी राहायची.

आणि बाबा पडले तेव्हाचं ते सॅडल. तुला वाटत असेल मी टाकून दिलं. नाही गं. गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवलंय. हवा बदलली की चामडं करकरतं. बाबा रिकिबीत पाय ठेवून वर चढायचे, तेव्हा यायचा ना, अगदी तसाच आवाज. भर दुपारी, चहाच्या वेळेला. पहिल्या वर्षी तो आवाज आला की मी दुसरा कप काढायची, मग तो तसाच उचलून ठेवायची. अजूनही कधीकधी काढते.

या वर्षी गुणाजीला जागा सोडायला सांगितलं. आजूबाजूला सगळीकडे इमारती उठतायत. माथेरानचा एक घोडेवाला चंपाला बघायला आला, खूश झाला. पण पाठीवर खोगीर टाकल्याबरोबर तिनं असं काही अंग झाडलं की तो लांब सरकला. म्हणाला, बाई, माझ्याकडे लहान पोरं बसतात, नोव्हेंबरअखेरपर्यंत ही शांतपणे खोगीर घेत असेल तर नेतो, नाहीतर राहू द्या. आणि नाहीच नेलं तर तिचं काय होणार, ते गुणाजीच्या तोंडावरच दिसलं.

म्हणून मग मी खोगीर शोधत फिरले. तुला हसू येईल, साठीची मास्तरीण पर्स लावून घोड्यांच्या तबेल्यांतून हिंडतेय. मुलुंडच्या वरातवाल्यानं जरीचं खोगीर दिलं, तर चंपानं त्याचीच बाही फाडली. तो म्हणाला, नवरदेवाचं नशीब चांगलं म्हणून ही पांढरी नाही. अंधेरीहून आणलेलं दुसरं खोगीर दहा पावलांत उजवीकडे कलंडलं. तिसऱ्याचंही तेच झालं. शेवटी साकीनाक्याला रिक्षाच्या सीटा शिवणारा एक कुंडलिक जीनगर आहे असं कळलं. नावाप्रमाणे त्याच्या घरी पूर्वी घोड्यांची जिनंच शिवायचे. तोंडात खिळे धरून तो माझं सगळं ऐकत होता. भुताचंही ऐकलं. मग खिळे काढून म्हणाला, मिस, भूत राहू द्या बाजूला, घोडीचं माप कुणी घेतलंय का कधी?

कुणीच घेतलं नव्हतं.

रविवारी तो पवईला आला. एक जाड तार चंपाच्या खांद्यांवरून दाबून वाकवली, अलगद उचलली आणि माझ्या ड्रॉइंगच्या कागदावर ठेवून तिच्या कडेनं पेन्सिल फिरवली. मग कागद मधोमध दुमडला आणि उजेडात धरला. लतू, दोन्ही रेघा जुळतच नाहीत. डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला दोन बोटं जाड आहे. जन्मतःच असणार, म्हणाला. डावीकडून खांदा ढकलतो, उजवीकडे पोकळी, मग खोगीर जाणार कुठे? पोटाखालचा पट्टा, तंग, कितीही आवळा, उतारावर ते उजवीकडे फिरणारच. तळ्याच्या वळणावर उतार आहे ना, त्यानं विचारलं. त्यानं ते वळण पाहिलेलंही नव्हतं. आणि तो डाग खोगिरानं घासून झालेल्या जखमेचा आहे. तिथे केस परत आले की पांढरे येतात. मी पहिल्यांदा त्या डागावर हात ठेवला. ऊन होता, बाकीच्या पाठीसारखाच.

त्यानं नवं खोगीर शिवलं. उजव्या बाजूला लोकरीची जास्त भरती घातली, थोडी थोडी, दर वेळी तिला चालवून बघत. मी म्हटलं, मुलींच्या निबंधात भाराभर शब्द दिसले की मी समासात लाल शाईनं ‘खोगीरभरती’ लिहिते. तो म्हणाला, वाट लागली त्या पोरींची. भरतीवर तर घोडा जगतो, मिस. काल चंपा तळ्याच्या वळणावरून गुणाजीला पाठीवर घेऊन उतरली. कान पुढे, मान सैल. जणू तिथे कधी काही घडलंच नव्हतं.

आता ते, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. ते सॅडल मी आणलं होतं. वांद्र्याच्या एका बंगल्यातलं, विलायती. बाबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सुगंधा, हे तिला बसत नाही गं, माझं जुनं खोगीरच बरं. मी म्हणाले, टांगेवाल्याचा मुलगा कायम टांगेवाल्यासारखाच दिसायला हवा का? तेव्हापासून दर रविवारी माझ्यासाठी तेच घालायचे. त्या रविवारी तंग तू आवळलास. तंग आवळला की भोकं मोजून आकडा मोठ्यानं सांगायचा, हे त्यांनीच तुला शिकवलं होतं. ते पडल्यावर गुणाजी त्यांच्याकडे धावला, मी चंपाकडे. सॅडल तिच्या पोटाखाली लोंबत होतं आणि ती वेडी झाली होती. बक्कल मी सोडवलं. इतकं घट्ट होतं की माझं नख मुळापासून निघालं. मग तू आलीस, जमिनीवर सुटलेला पट्टा बघितलास आणि विचारलंस, आई, माझ्याकडून सैल राहिला का गं? सतरा वर्षांची होतीस. मी तुझ्याकडे बघितलं आणि काहीच बोलले नाही. तू सैल सोडला नाहीस म्हटलं असतं, तर मग दोष कुणाचा, हे मला सांगावं लागलं असतं. तू नागपूरला निघालीस तेव्हाही मी डबा भरून दिला आणि गप्प राहिले. भूत त्या वळणावर कधीच नव्हतं, लतू. ते माझ्या त्या गप्प राहण्यात होतं, आणि आठ वर्षं तू ते एकटीनं वागवलंस. माथेरानवाला तीस तारखेला चंपाला न्यायला येतोय. शक्य झालं तर ये, तिचा तंग एकदा तुझ्या हातानं आवळ. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. आता कागद उघड. मधोमध दुमड आणि खिडकीशी धर. तू त्या दिवशी मोठ्यानं ‘चार’ म्हणाली होतीस, मी ऐकलं होतं. आणि बक्कल सोडवताना बोटानं मोजलंही होतं. चौथ्याच भोकात होतं.

उत्तर द्यायला आठ वर्षं लावणारी,
तुझीच
आई