गच्चीवरचा हॉलंडचा झेंडा

आबा, पाण्याच्या दोन बादल्या भरून मी ओट्याखाली ठेवल्या होत्या, आई तांब्यात निखारे घालून तुमच्या खाकी पँटीला इस्त्री करत होती, आणि तुम्ही अंगणात चटईवर झेंडा पसरून बसला होतात. पंधरा ऑगस्टची सकाळ. मी झेंडूच्या पाकळ्या सोडवून परातीत टाकतेय आणि तुम्ही त्या मूठमूठ उचलून झेंड्याच्या घडीत ठेवताय. मग घडीवर दोरीचे वेढे, आणि शेवटचा फास असा की एका झटक्यात सुटावा. सुटतो का ते बघावं म्हणून मी दोरी ओढली. सगळ्या पाकळ्या अंगणात. तुम्ही आवाज चढवला नाही. म्हणालात, "झेंडा म्हणजे पतंग आहे का गं?" आणि परत पहिल्यापासून घडी घालायला बसलात. त्या दिवशी दुपारपर्यंत तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. शाळेतून आलात तेव्हा मात्र खिशात तुमच्या वाटणीचा बुंदीचा लाडू होता, थोडा चेपलेला, आणि तो तुम्ही माझ्या हातावर ठेवलात.

खापरपणजोबा दक्षिणेतून तलवार घेऊन ग्वाल्हेरला आले आणि मी शाळेची घंटा वाजवतो, असं तुम्ही हसत सांगायचात. पण झेंड्याच्या कामात तुम्ही हेडमास्तरांचंसुद्धा ऐकत नव्हतात. आणि त्याच तोंडानं लहानपणच्या गोष्टी सांगायचात, महाराजांच्या वाढदिवसाला शाळा कशी सुटायची, पोरं रांगेत कशी उभी राहायची, प्रत्येकाला पेढा कसा मिळायचा. "राजा होता तेव्हा पेढा मिळाला, आता लाडू मिळतो. आपलं तोंड दोन्हीकडून गोड." आई म्हणायची, असलं बाहेर बोलू नका. यंदाच्या एप्रिलमध्ये मला तुमची ही गोष्ट फार आठवली. ऐकायला तुम्ही हवे होतात. राजाचा वाढदिवस आणि झेंडावंदन, दोन्ही बघितलेलं माणूस आता मला कोणी उरलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यापासून वरच्या खोलीत एक मुलगी भाड्यानं राहते. हॉलंडची. इथं एका गुरुजींकडे गाणं शिकते. हे जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा पुण्याला, वरची खोली नुसती पडून होती. तुम्ही शाळेच्या रद्दीतून मला भूगोलाचं पुस्तक आणून दिलं होतं, त्यात हॉलंडची जमीन समुद्रापेक्षा खाली आहे असं होतं. ते मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं. तिला इतका आनंद झाला की तिनं माझे दोन्ही हात धरले. तिची हिंदी कामापुरती आहे, पण विनोद करण्याइतकी आहे.

सव्वीस जानेवारीला मी तिला कोपऱ्यावरच्या शाळेत झेंडावंदनाला नेलं. मग घरी येऊन टीव्हीवर दिल्लीची परेड. उंटांवरचा बँड बघून तिनं टाळ्या वाजवल्या. एका मोटारसायकलवर एवढी माणसं बघून म्हणाली, "ये तो आपके हजीरा बाज़ार का रोड है!" तोफा आल्या तेव्हा मात्र टाळ्या थांबल्या. विचारलं, "काकू, देश के जन्मदिन पर इतनी तोप? और कोई नाचता क्यों नहीं?" मी म्हटलं, "हम लोग सावधान खड़े रहते हैं." "पूरा दिन?" "नहीं, पाँच मिनट. फिर लड्डू."

एप्रिल लागला आणि मुलगी सुकली. गुरुजी म्हणाले होते, तुझा सा अजून बसत नाही. त्यात हे ऊन. इंदरगंजातल्या एजंटाकडे जाऊन ती तिकिटाची चौकशी करून आली. पुढच्या महिन्यात कायमची परत. त्याला पक्कं कधी सांगायचं तोही दिवस ठरला होता, आणि नेमका त्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या राजाचा वाढदिवस होता. तोच त्यांचा मोठा राष्ट्रीय सण. "सब लोग नारंगी पहनते हैं," ती म्हणाली, "और रास्ते पर पुराना सामान बेचते हैं." शेजारच्या भाभी माझ्याकडे बसल्या होत्या. त्यांचा चेहरा पडला. "राजा का जन्मदिन और लोग बर्तन बेच रहे हैं? हाय राम, इतनी तंगी है?" तिनं समजावलं, गरज म्हणून नाही, गंमत म्हणून. त्या एका दिवशी कोणीही रस्त्यावर चादर पसरून बसावं, कोणी हटकत नाही. आपल्या बाड्यावरच्या बाजारात तर फेरीवाले रोजच तसे बसतात. भाभी म्हणाल्या, "लो! तो हमारे बाड़े पर तो रोज़ राजा का जन्मदिन है."

ती हसली, पण डोळे भरले. मी ठरवलं, तिचा सण आपल्या गच्चीवर करायचा. आणि आबा, राष्ट्रीय सण म्हटल्यावर मला एकच रीत माहीत. बाड्यावरच्या शिंप्याकडे गेले, जो दर वर्षी तिरंगे शिवतो. लाल, पांढरा, निळा असे पट्टे कागदावर काढून दिले. त्या सकाळी साडेपाचला उठून, सडा घालून, बुंदी पाकात घालून ठेवली, झेंडूच्या पाकळ्या परातीत घेतल्या आणि झेंडा उलगडला, तर मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर चक्र! चोवीस आऱ्यांचं, सुबक, निळं. मी त्याला फोन केला. तो झोपेतूनच म्हणाला, "अम्मा, बीच में खाली-खाली लग रहा था. चक्र अपनी तरफ़ से डाल दिया." त्याचं दुकान अकराला उघडतं, आणि भाभींना मी सातची वेळ दिलेली. तुम्ही असतात तर झेंडावंदन रद्द केलं असतंत, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी पाकळ्या भरल्या आणि तुमचा फास घातला.

मुलीनं नारंगी कुर्ता घातला होता, भाभींनी पूजेची केशरी साडी, मी केशरी शाल खांद्यावर टाकली होती. खालून जाणाऱ्या दूधवाल्यानं वर बघून विचारलं, "माताजी, कहाँ की कथा है?" भाभी ओरडल्या, "हॉलैंड की!"

दोरी मुलीच्या हातात दिली. तिला वाटलं नुसता झेंडा वर जाईल. तिनं ओढली, फास सुटला, पाकळ्या तिच्या डोक्यावर पडल्या, आणि चक्र समोर आलं. ती बघतच राहिली. आणि मग ती हसायला लागली. हसत हसत गच्चीवर खालीच बसली. "काकू, ये मेरा वाला है या आपका?" भाभी म्हणाल्या, "आधा-आधा कर लो, झगड़ा मत करो." मग तिनं त्यांचं गाणं म्हटलं. भाभी डोक्यावर पदर घेऊन सावधान उभ्या. मध्येच मुलगी गाणं थांबवून म्हणाली, "हमारे यहाँ कोई ऐसे नहीं खड़ा होता." भाभी हलल्या नाहीत. "तुम गाओ, बिटिया. हमारे यहाँ होता है."

दुपारी तिनं आईला व्हिडिओ फोन लावला. तिकडे तेव्हा सकाळ. आई रस्त्यावर चादर पसरून बसलेली, डोक्यावर पिसाची नारंगी टोपी, समोर कपबश्या, जुने बूट, एक दिवा. मुलीनं फोन झेंड्याकडे फिरवला. आईनं शेजारच्या चादरीवरच्या माणसांना हाका मारल्या. नारंगी टोप्यांची एक रांगच फोनमध्ये डोकावली. मुलगी म्हणाली, त्यांना वाटतंय हिंदुस्थानातही त्यांच्या राजाची सुट्टी असते. भाभींनी कोणालाच खरं सांगू दिलं नाही. फोनमध्ये तोंड घालून ओरडल्या, "हैप्पी बर्थडे, राजा साहब!" तिकडच्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढून वाकून नमस्कार केला. सगळे पांगल्यावर आई एकटी मुलीकडे बघत राहिली. ती काय बोलली ते कळलं नाही. कळायची गरज नव्हती.

संध्याकाळी मुलगी माझ्याजवळ ओट्यावर येऊन बसली. "काकू, कल एजेंट को बोलना है. मैं जाऊँ या रुकूँ? सच बोलना."

आबा, मी जन्मात कोणाला राहा म्हटलं नाही. मुलगा पुण्याला निघाला तेव्हा म्हटलं, तुझं भलं होईल तसं कर. तुम्ही महिन्यातून एकदा सायकलवरून मला भेटायला या घरी यायचात, अर्धा कप चहा घेऊन, "निघतो" म्हणून उभे राहायचात. उभे राहून थोडा वेळ चपला शोधायचात. त्या दारातच असायच्या. मी एकदाही म्हटलं नाही, थांबा, जेवून जा. सासरी कसं म्हणायचं, असं वाटायचं. नंतर सासूबाई गेल्या, तरी म्हटलं नाही.

मी म्हटलं, "रुक जा."

ती म्हणाली, "बस? इतना ही?"

"इतना ही आता है," मी म्हटलं. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून पुन्हा हसली, आणि म्हणाली, ठीक आहे, सा बसेपर्यंत.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून खरं लिहिते. तो झेंडा मी तिच्या राजासाठी शिवून घेतला नव्हता. ती जाऊ नये म्हणून घेतला होता. तिच्या आईचा चेहरा बघितल्यावर मला जा म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही, आणि मला वाईटही वाटत नाही.

हे गेल्यापासून वरच्या खोलीतल्या कूलरला कोणी हात लावला नव्हता. दर उन्हाळ्यात त्यात नवी खस तेच भरायचे. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून खस आणली, साडी खोचली, आणि त्याच्या तिन्ही जाळ्या माझ्या हातानं भरल्या.