घरघंटीच्या जाळ्या

२९ मार्च, शनिवार

टीव्ही दिला आणि रिमोट ठेवून घेतला! माझा भाऊ धम्मदीप नांदेडहून सामानाची पहिली खेप घेऊन आला. इथे लातूरच्या खोलीत सगळं उतरवलं, तेव्हा कळलं. मिक्सर आला, त्याचं चटणीचं भांडं नाही. ताटं सहा होती, आली पाच! संघपालला फोन लावला. "रिमोट सापडून नाही राहिला," म्हणे. आणि सहावं ताट? ते गेलं असणार मुदखेडला, त्याच्या त्या बाईकडे. जेव म्हणावं माझ्या ताटात!

अशा माणसासोबत आठ वर्षं संसार केला मी.

३० मार्च, रविवार

नांदेडला विहारात बैठक झाली. फारकत दोघांच्या मर्जीने, तिचे कागद वकील करतोय. सामानाचं तेवढं आपसात मिटवा, म्हणून विहारातले वडीलधारे व्यंकटराव काका यांनी दोन्हीकडच्यांना समोरासमोर बसवलं. कपाट मला. दिवाण त्याला. कूलर त्याला. इथपर्यंत मी गप्प होते.

मग निघाली घरघंटी. ती माझी आहे! मला भिशी लागली तेव्हा मी घेतलीय. आता इथे लातुरात माझं पोट तिच्यावरच चालायचंय. घरमालकीण गुरम्मा मावशींनी आधीच सांगून ठेवलंय, "घंटी आण गं, गल्लीचं दळण तुलाच." आणि हा तोंड वर करून म्हणतो — "बिल माझ्या नावावर हाय." बिल तुझ्या नावावर! कधी मूठभर पीठ तरी काढलंस?

तेवढ्यात आत्या उठल्या. आत्या म्हणजे सरजाबाई, माझ्या सासूबाई. "घंटी जाईल तिथं मी जाईन. सांगून ठिवते." सगळी बैठक हसली. मी नाही हसले. माझं डोकंच फिरलं. दोन वर्षं यांचा लेक मुदखेडला दुसरा संसार मांडून बसलाय, तेव्हा या बाईच्या तोंडून चकार शब्द निघाला नाही. कधी "चुकलं त्याचं" एवढंसुद्धा नाही. आणि आज तोंड उघडलं ते घंटीसाठी!

काकांनी घंटी मला दिली. जयंतीच्या आत उचला म्हणाले.

१ एप्रिल

घंटी जाईल तिथं म्हणे! नाटकं नुसती.

६ एप्रिल, रविवार

घंटी आली. धम्मदीपने आणि टेम्पोवाल्याने उचलून भिंतीला लावली. गुरम्मा मावशी गव्हाचा डबा घेऊन दारात हजर. मी ऐटीत दार उघडलं घंटीचं — आत जाळ्या नाहीत! गव्हाची नाही, ज्वारीची नाही, डाळीची नाही. जाळीशिवाय काय दळू, माझं कपाळ? मावशी डबा घेऊन परत गेल्या. शरमेने मान वर होईना माझी.

संघपालला फोन. "मला काय म्हाईत? आईला इचार." मग आत्या आल्या फोनवर. "हाव, माझ्यापाशी हायत. देत न्हाई." वर मलाच विचारतात — "घंटी पाटावर ठिवली का? खाली ठिवू नको, ओल धरंल."

मी मग काही बाकी ठेवलं नाही. "लेकाला आवरता आलं नाही, जाळ्या बऱ्या दाबता आल्या तुम्हाला!" असं बोलले. आणखीही बोलले. मीच फोन ठेवला.

९ एप्रिल

दुकानदार म्हणतो, ते मॉडेल बंद झालं. जाळी मिळेल की नाही सांगता येत नाही. गल्लीतलं दळण दुसऱ्या गिरणीवर जायला लागलं. धम्मदीप म्हणतो, "ताई, पोलिसात देऊ का?" जाळ्यांसाठी पोलीस! त्याच्यावरही ओरडले.

जाळ्या रोज संध्याकाळी आत्याच घासायच्या, जुन्या ब्रशने, अंगणात बसून. मी दळायचे, त्या घासायच्या. दोघींच्या भुवया पांढऱ्या झालेल्या. तो गेला की आम्ही दोघीच तर असायचो घरात.

हे आज कशाला आठवावं? आठवलं म्हणून आणखीच राग आला.

१० एप्रिल

घंटी पाटावर ठेवली. त्यांनी सांगितलं म्हणून नाही. फरशी खरंच ओली असते.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. सकाळी दार वाजलं. उघडलं तर आत्या! पांढरं लुगडं, एका हातात जाळ्यांची पिशवी, दुसऱ्या हातात गाठोडं. एकट्या आल्या, पहाटेची गाडी धरून. मी दारातच उभी राहिले, या म्हटलं नाही.

"कपाट तुला दिलं. दिवाण त्याला दिला. मी कुणाच्या वाटणीला, ते कुणी इचारलं न्हाई. मी तर भर बैठकीत सांगितलं होतं."

एवढा राग आला, एवढा राग आला की रडूच फुटलं. बाजूला झाले.

आत्यांनी पदर खोचला, आधी घंटीखालचा पाट पाहिला, मग गव्हाची जाळी बसवली. मी मावशींना हाक मारली. मग आत्यांनी गाठोडं सोडलं. दोन लुगडी, चष्मा, आणि सहावं ताट.